रेल्वेगाड्या बघायला, फोटो काढायला जाताय? मोटरमनला तुम्ही कसे दिसता ते आधी समजून घ्या

मुंबईच्या लोकलमध्ये रोज लाखो माणसं चढतात. पण गाडीत न चढता नुसती गाडी बघायला स्टेशनवर येणारेही असतात. कुणी नातवाला राजधानी दाखवायला येतो, कुणी कॉलेज सुटल्यावर कॅमेरा घेऊन वंदे भारतची वाट बघत बसतो. फ्लाइंग राणीचे डबलडेकर डबे जुलै २०२३ मध्ये निघाले, तेव्हा त्यांचा शेवटचा फोटो मिळवण्यासाठी हौशी मंडळींनी धावपळ केली होती. डिसेंबर २०१७ मध्ये पश्चिम रेल्वेवर देशातली पहिली एसी लोकल धावली, तेव्हाही तेच.

या हौशीसाठी मीरा-भाईंदर ही सोयीची जागा. बोरिवली ते विरार चार मार्गिका आहेत. लोकल, गुजरात-राजस्थान-दिल्लीकडच्या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि मालगाड्या, सगळं याच वाटेने जातं. भाईंदर सोडलं की वसईची खाडी, खाडीवरचे पूल आणि मध्ये पाणजू बेट. संध्याकाळच्या उन्हात पुलावरून जाणारी गाडी कुणालाही टिपावीशी वाटेल.

अडचण एवढीच की हा सगळा परिसर म्हणजे कुणाचं तरी कामाचं ठिकाण आहे. आणि ते काम किती धोक्याचं आहे, हे इथल्या लोकांनी फार दूरवर बघायला जायची गरज नाही.

२२ जानेवारी २०२४ च्या रात्री नऊच्या सुमारास वसई रोड आणि नायगावच्या दरम्यान सिग्नल यंत्रणेतला बिघाड दुरुस्त करणाऱ्या तीन रेल्वे कर्मचाऱ्यांना लोकलची धडक बसली. तिघंही गेले. त्यांतले एक भाईंदरचे मुख्य सिग्नल निरीक्षक होते. ज्यांना गाड्यांची वेळ, दिशा आणि रुळांची रचना पाठ असते, त्यांच्याही बाबतीत असं घडू शकतं. मग हातात मोबाइल घेऊन फ्रेम जुळवणाऱ्या माणसाचं काय?

म्हणूनच रुळाजवळ कसं वागावं, कुठे उभं राहावं, काय टाळावं याचे काही नियम आहेत. काही कायद्यातले, काही रेल्वेच्या रोजच्या कामातून आलेले. त्यामागची कारणं कळली की ते लक्षात ठेवणं सोपं जातं.

रुळाजवळ नेमका धोका कशाचा?

पहिला गैरसमज रुंदीचा. माणूस रुळाकडे बघून गाडीचा अंदाज बांधतो. भारतातल्या ब्रॉडगेज मार्गावर दोन रुळांमधलं अंतर १,६७६ मिलिमीटर असतं. मुंबईची लोकल मात्र सुमारे ३,६६० मिलिमीटर रुंद असते. म्हणजे रुळाच्या बाहेर दोन्ही बाजूंना जवळपास एकेक मीटर गाडी येते. त्यात दारात उभ्या असलेल्यांचे खांदे आणि बॅगा वेगळ्याच. रुळापासून दोन पावलं लांब उभा असलेला माणूस स्वतःला सुरक्षित समजत असतो, पण गाडी त्याच्या अंगालगत येते.

दुसरा गैरसमज वेळेचा. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे २८ मीटर कापते. ती ३०० मीटरवर दिसली, तर हातात साधारण ११ सेकंद असतात. मोबाइलच्या पडद्यावर गाडी असते त्यापेक्षा लांब दिसते, त्यामुळे हे ११ सेकंदही पुरते मिळत नाहीत.

तिसरा गैरसमज आवाजाचा. 'गाडी आली की ऐकू येईलच', असं बहुतेकांना वाटतं. पण चार मार्गिका शेजारी शेजारी असतील, तर एका गाडीच्या खडखडाटात दुसरीचा आवाज बुडून जातो. समोरच्या मार्गिकेवरची मालगाडी टिपण्यात गुंग असलेल्या माणसाला पाठीमागून येणारी लोकल ऐकूच येत नाही.

चौथा धोका डोक्यावर असतो. ओव्हरहेड वायरमध्ये २५,००० व्होल्टचा दाब आहे. या तारेला हात लागायलाच हवा असं नाही. पुरेसं जवळ गेलं तरी वीज झेप घेते. म्हणून यार्डातल्या मालगाडीवर किंवा टँकरच्या डब्यावर चढून फोटो काढणं जिवावर बेततं. पादचारी पुलावरून तारेच्या दिशेने सेल्फी स्टिक किंवा लांब दांडा बाहेर काढणंही तसंच.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर २०२३ या एका वर्षात २,५९० जणांचा जीव गेला. त्यांतले बरेचसे रूळ ओलांडताना किंवा गाडीतून पडून गेले. हे सगळे काही फोटो काढत नव्हते. पण रुळावर उतरलेल्या माणसाला गाडी ओळखत नाही. तो घाईत आहे की हौसेने आलाय, याने तिच्या ब्रेकला काही फरक पडत नाही. वेगातली लोकल थांबायला काहीशे मीटर लागतात, भरलेल्या मालगाडीला त्याहून बरेच जास्त. अशा वेळी ब्रेक दाबून समोर बघत राहण्यापलीकडे मोटरमनच्या हाती काही नसतं.

हात वर केले तर गाडी का थांबू शकते?

हा मुद्दा बहुतेकांना माहीत नसतो.

रेल्वेत सिग्नल म्हणजे फक्त खांबावरचे दिवे नव्हेत. माणसाने हाताने दिलेली खूण हासुद्धा सिग्नलच असतो. रेल्वेच्या सर्वसाधारण नियमांनुसार लाल झेंडा दाखवला की गाडीने थांबायचं. झेंडा जवळ नसेल, तर दोन्ही हात डोक्यावर सरळ उंच करणं ही दिवसाची थांबण्याची खूण आहे. रात्री लाल दिवा दाखवायचा. तो नसेल, तर पांढरा दिवा अंगासमोर आडवा जोरजोरात हलवायचा.

आता गाडी बघायला आलेले लोक काय करतात ते आठवा. लाडकी गाडी दिसली की दोन्ही हात वर करून ओरडतात. अंधारात मोबाइलचा टॉर्च लावून हलवतात. लाल ओढणी किंवा लाल टी-शर्ट फडकवतात. त्यांच्या दृष्टीने ती गंमत असते. पण केबिनमध्ये बसलेल्या माणसाला दूरवर रुळाजवळ कुणीतरी थांबण्याची खूण करताना दिसतं. पुढे रूळ तुटलाय का, कुणी पडलंय का, हे त्याला माहीत नसतं. शंका आली की ब्रेक लावायचा, हेच त्याला शिकवलेलं असतं.

पश्चिम रेल्वेवर गर्दीच्या वेळी गाड्या एकमेकींच्या मागे काही मिनिटांच्या अंतराने असतात. एक थांबली की मागच्या रखडतात. दोन स्टेशनांच्या मध्ये लोकल थांबली, की कंटाळलेले प्रवासी रुळावर उड्या मारून चालू लागतात आणि शेजारच्या मार्गिकेवरून दुसरी गाडी येते. एका हौशी हातवाऱ्याचा शेवट कुठे होईल, ते सांगता येत नाही.

फ्लॅशचंही तेच. अंधारात येणाऱ्या गाडीवर फ्लॅश मारला, तर मोटरमनचे डोळे क्षणभर दिपतात. त्याच क्षणी पुढचा सिग्नल असू शकतो. त्यामुळे फ्लॅश बंद, टॉर्च बंद, लेझर तर नाहीच. गाडीला निरोप द्यायचाच असेल, तर फलाटावर पिवळ्या पट्टीच्या आत राहून एक हात साधेपणाने हलवावा. लहान मुलांनाही हेच शिकवावं.

काम करणाऱ्यांशी कसं वागायचं?

गाडी स्टेशनातून जाताना फलाटावर कुणीतरी हिरवा झेंडा धरून उभा असतो. मागच्या डब्यातला गार्डही झेंडा दाखवतो. गार्डचं पदनाम जानेवारी २०२२ पासून 'ट्रेन मॅनेजर' झालंय, पण फलाटावर अजून गार्डच म्हणतात. ही झेंड्यांची देवाणघेवाण म्हणजे शिष्टाचार नसतो. गाडीत काही लोंबकळतंय का, चाकातून धूर येतोय का, हे बघून 'सगळं ठीक आहे' असं एकमेकांना सांगणं असतं. त्या दोघांच्या मध्ये ट्रायपॉड लावून उभं राहिलं, तर ही साखळी तुटते.

त्या नजरेची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. १७ एप्रिल २०२१ ला मध्य रेल्वेच्या वांगणी स्टेशनवर पॉइंट्समन मयूर शेळके उद्यान एक्सप्रेससाठी झेंडा घेऊन उभे होते. एक लहान मुलगा फलाटावरून रुळावर पडला आणि त्याच्यासोबतच्या अंध आईला तो सापडेना. शेळके रुळांमधून धावत गेले, मुलाला वर ढकललं आणि गाडी येण्याच्या क्षणभर आधी स्वतः बाहेर आले. त्यांचं लक्ष रुळाकडे होतं, म्हणून ते शक्य झालं. त्या वेळी कुणी त्यांच्यासोबत सेल्फी घेत असतं तर?

रुळावर काम करणाऱ्या टोळीचंही तसंच आहे. नारिंगी जॅकेट घातलेले गँगमन वाकून काम करत असतात, तेव्हा त्यांच्यातला एक जण फक्त गाडीकडे लक्ष ठेवायला उभा असतो. गाडी दिसली की तो शिट्टी वाजवून बाकीच्यांना सावध करतो. तो रिकामा उभा आहे असं वाटून त्याच्याशी गप्पा मारायला जाणं म्हणजे टोळीचा पहारा काढून घेणं. आपण शिट्टी वाजवणं तर त्याहून वाईट. टोळीने लावलेले झेंडे, फलक किंवा रुळावर बांधलेल्या वस्तू यांना हात लावायचा नाही, फोटोसाठी बाजूलाही करायच्या नाहीत.

रविवारी पश्चिम रेल्वेचा जम्बो ब्लॉक असतो. हौशी लोकांनाही रविवारीच वेळ असतो, त्यामुळे हे लक्षात ठेवायला हवं. ब्लॉकमध्ये जलद गाड्या धीम्या मार्गिकेवर किंवा उलट वळवल्या जातात. एरवी ज्या रुळावर जी गाडी येत नाही, ती त्या दिवशी तिथून येते. शिवाय बोरिवली ते विरार पाचव्या-सहाव्या मार्गिकेचं २६ किलोमीटरचं काम एमयूटीपी-३ए मध्ये हाती घेतलेलं आहे. म्हणजे या पट्ट्यात रुळाकाठी कामगार, यंत्रं आणि खोदकाम दिसणारच.

कर्मचाऱ्याचा फोटो काढायचा असेल, तर काम संपल्यावर विचारावं. 'दादा, फोटो काढला तर चालेल का?' एवढं वाक्य पुरतं. नाही म्हटलं तर विषय संपला. चालू गाडीच्या मोटरमनकडून हॉर्न मागू नये, केबिनच्या दारात चढू नये. एखादा कर्मचारी घाम पुसताना किंवा दोन मिनिटं टेकलेला दिसला, तर 'बघा कसे काम करतात' अशी रील टाकू नये. आठ-दहा सेकंदांच्या व्हिडिओत त्याची रात्रपाळी दिसत नाही, पण चौकशी मात्र त्याच्या मागे लागू शकते.

कायदा काय सांगतो?

रूळ, यार्ड, पूल आणि फलाटाच्या उताराच्या पलीकडची जागा सामान्य लोकांसाठी नाही. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ नुसार रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना शिरल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. कर्मचाऱ्याच्या कामात अडथळा आणला, तर कलम १४६ खाली तेवढीच शिक्षा आहे. टपावर, पायरीवर किंवा इंजिनावर चढून प्रवास करण्याबद्दल कलम १५६ आहे. बेदरकारपणाने प्रवाशांची सुरक्षा धोक्यात आणली, तर कलम १५४ खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. रुळावर आणि गाडीत जीव धोक्यात घालून रील करणाऱ्यांवर गुन्हे नोंदवा, अशा सूचना रेल्वे बोर्डाने नोव्हेंबर २०२४ मध्ये सगळ्या विभागांना दिल्या होत्या.

स्टेशनवर दोन प्रकारचे गणवेश दिसतात. रेल्वे सुरक्षा दल, म्हणजे आरपीएफ, केंद्र सरकारचं. रेल्वेची मालमत्ता आणि प्रवासी यांची सुरक्षा हे त्याचं काम. लोहमार्ग पोलीस, म्हणजे जीआरपी, राज्य पोलिसांचा भाग. चोरी, मारहाण, अपघाती मृत्यू यांचा तपास त्यांच्याकडे असतो. हद्दीत शिरल्याबद्दल आरपीएफने पकडलं, तर प्रकरण रेल्वेच्या दंडाधिकाऱ्यांपुढे जातं. दंड भरला की त्याची पावती मागून घ्यावी.

फोटोसाठी परवानगी लागते का?

चित्रपट, मालिका, जाहिरात, लग्नाआधीचं शूटिंग किंवा कुठलंही व्यावसायिक काम असेल, तर आधी परवानगी घ्यावी लागते आणि शुल्क भरावं लागतं. पश्चिम रेल्वेसाठी हा अर्ज चर्चगेटच्या मुख्यालयातल्या जनसंपर्क विभागाकडे जातो. मोबाइलवर गाडीचा एखादा फोटो काढणं हे रोज सगळीकडे होतं. तरीही जागा रेल्वेची आहे. ट्रायपॉड, मोठे दिवे, माइक आले की ते हौशी फोटोपुरतं राहत नाही. असा विचार असेल, तर आधी स्टेशन मास्तरांना भेटून सांगावं.

'रेल्वेचा फोटो म्हणजे गुपित फोडणं' अशी भीती अनेकांना घातली जाते. शासकीय गुपिते अधिनियम १९२३ मध्ये 'प्रतिबंधित ठिकाण' अशी संज्ञा आहे. रेल्वे आणि तिचे पूल त्यात येऊ शकतात, पण त्यासाठी केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढावी लागते. प्रत्येक फलाट आपोआप त्यात येत नाही. मात्र हा मुद्दा फलाटावर जवानाशी वाद घालायला वापरू नये. त्याने थांबा म्हटलं की थांबावं, ओळखपत्र दाखवावं, कारण विचारावं आणि तक्रार असेल तर नंतर लेखी करावी. सिग्नल केबिन, रिले रूम, नियंत्रण कक्ष, सुरक्षा चौकी यांच्याकडे कॅमेरा नेऊच नये. ड्रोनसाठी ड्रोन नियम २०२१ लागू आहेत आणि रेल्वेच्या हद्दीवर तो परवानगीशिवाय उडवायचा नाही.

राहिले प्रवासी. महिलांच्या डब्याकडे कॅमेरा रोखून ठेवणं, झोपलेल्या किंवा गर्दीत चेंगरलेल्या माणसांचे जवळून फोटो काढणं, दुसऱ्यांच्या मुलांचे चेहरे टाकणं, हे टाळायचं. गाडीच्या फोटोत माणसं येतात ते वेगळं, माणसांवर पाळत ठेवणं वेगळं.

मग भाईंदरमध्ये उभं कुठे राहायचं?

सगळ्यात सोपी जागा फलाट. प्लॅटफॉर्म तिकीट १० रुपयांना मिळतं आणि दोन तास चालतं. पिवळ्या पट्टीच्या बरंच आत, फलाटाच्या टोकापासून दूर, गर्दीच्या वाटेत न येता उभं राहावं. सकाळ-संध्याकाळची गर्दीची वेळ टाळली, तर फोटोही चांगले येतात आणि लोकांच्या शिव्याही खाव्या लागत नाहीत.

पादचारी पुलावरून गाड्या छान दिसतात, पण तिथे थबकायचं नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. पुलावर माणसं अडली की काय होतं, हे मुंबईला सांगावं लागत नाही.

खाडीपुलावर चालत जाणं हा सगळ्यात मोठा मोह आणि सगळ्यात वाईट पर्याय. पाणजूचे रहिवासी नाइलाजाने या पुलाच्या कडेने येतात-जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये धावत्या लोकलमधून खाडीत फेकलेला नारळ लागून तिथल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. त्यांच्यापुढे दुसरी वाट नसते, फोटो काढणाऱ्यापुढे असते. भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्क चौपाटीवरून पूल आणि त्यावरची गाडी रुळाच्या जवळही न जाता दिसते. फेब्रुवारी २०२४ पासून भाईंदर ते वसई रो-रो फेरीबोटही सुरू आहे. पाण्यावरून दिसणारी खाडी तर फलाटावरून कधीच दिसणार नाही.

बाहेरच्या देशांत काय करतात?

ब्रिटनमध्ये गाड्या बघणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. तिथल्या नेटवर्क रेलने हौशी लोकांसाठी सूचनाच काढल्या आहेत. स्टेशनवर आल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा, फलाटाच्या कडेपासून लांब राहा, फ्लॅश वापरू नका, आणि काही संशयास्पद दिसलं तर कळवा. या बदल्यात त्यांचं स्वागत होतं. जपानमध्ये गाड्यांचे फोटो काढणाऱ्यांना 'तोरितेत्सु' असा शब्दच आहे. तिथे २०१० मध्ये ओसाकाजवळ एका खास गाडीच्या फोटोसाठी काही जण रुळालगत घुसले आणि गाड्या थांबवाव्या लागल्या. तेव्हापासून हा शब्द अनेकदा नाराजीनेच उच्चारला जातो. थोड्यांच्या हट्टापायी सगळ्यांच्या हौशीवर बंदी येते, हा धडा आपल्याकडेही लागू आहे.

काही चुकीचं दिसलं तर?

रोज गाड्या बघणाऱ्याच्या डोळ्याला जे खटकतं, ते इतरांच्या लक्षातही येत नाही. रुळाला पडलेली भेग, रुळावर ठेवलेला दगड, लोंबकळणारी वायर, चाकातून येणारा धूर, रुळावर बसलेला माणूस. असं काही दिसलं तर आधी स्टेशन मास्तरांना किंवा जवळच्या कर्मचाऱ्याला सांगावं. रेल्वेचा मदत क्रमांक १३९ आणि लोहमार्ग पोलिसांचा १५१२ आहे. ठिकाण सांगताना जवळच्या ओव्हरहेड खांबावरचा क्रमांक सांगितला, तर माणसं थेट तिथे पोहोचतात.

आणि समोर खरंच संकट असेल, गाडी येत असेल आणि कळवायला वेळच नसेल, तर रुळाच्या बाहेर सुरक्षित अंतरावर उभं राहून दोन्ही हात डोक्यावर उंच धरायचे. रात्र असेल तर टॉर्च आडवा जोरात हलवायचा. मोटरमन ती खूण ओळखतो. ती त्या वेळी खरी वाटावी, यासाठी एरवी गंमत म्हणून कुणी ती वापरायची नाही.